अडवा, पण कळवा

डिसेंबर २००१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने आपल्या अर्जदारांना प्रवेशाचा निकाल ईमेलने कळवला. त्यातले ७५ ते १०० मेल विद्यार्थ्यांपर्यंत पोचलेच नाहीत. हे अर्जदार अमेरिका ऑनलाइन, म्हणजे एओएल, या इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचे ग्राहक होते. कंपनीच्या यंत्रणेने विद्यापीठाची पत्रं कचरा ठरवून परत पाठवली. असं का झालं, हे तेव्हा कंपनीलाही नीट सांगता आलं नाही. पण बाहेरून बघणाऱ्या यंत्राला काय दिसलं असेल याचा अंदाज करता येतो. एकाच सर्व्हरवरून, एकाच वेळी, शेकडो पत्त्यांवर निघालेला जवळपास एकसारखा मजकूर, आणि वर 'अभिनंदन'. वजन घटवण्याच्या गोळ्यांची जाहिरातही अशीच येते.

हा किस्सा फिल्टर किती मूर्ख असतात हे दाखवायला सांगितला जातो. मला त्यातला दुसराच तपशील मोलाचा वाटतो. ते मेल परत आले, म्हणून विद्यापीठाला कळलं. एओएलने ते गुपचूप गिळले असते तर दोन्ही बाजूंना काही पत्ता लागला नसता. नको असलेला मेल इंटरनेट कंपनीने अडवावा की नाही, हा वाद जवळजवळ तीस वर्षं चालू आहे, आणि त्यातली बरीच वर्षं तो चुकीच्या प्रश्नावर चालला. अडवावं तर लागतंच. अडवल्याचं कुणाला कळतं, हा खरा प्रश्न.

अडवावं का लागतं, याचं उत्तर ईमेलच्या जन्मात आहे. मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेण्याची जी पद्धत आपण आजही वापरतो, ती एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून काढली. तेव्हा जाळ्यावर होती ती विद्यापीठं, प्रयोगशाळा आणि अमेरिकी संरक्षण खात्याशी संबंधित मंडळी. एकमेकांवर संशय घेण्याचं कारण नव्हतं. त्यामुळे पाठवणाऱ्याने स्वतःचं नाव म्हणून जे लिहिलं ते यंत्रणेने खरं मानायचं, असा सरळ कारभार ठेवला गेला. पोस्टकार्डाखाली 'आपला, राज्यपाल' असं कुणीही लिहावं आणि पोस्टमनने ते निमूट पोचवावं, तसा. गंमत अशी की धोका दिसला नव्हता असंही नाही. याच पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९७५ मध्ये एक छोटं टिपण लिहिलं होतं. एखादा संगणक नको असलेले संदेश पाठवत सुटला तर ते घेणाऱ्याला नाकारायची सोय आपल्याकडे नाही, ती असायला हवी, एवढाच त्याचा आशय. सोय व्हायच्या आत, मे १९७८ मध्ये, डीईसी या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी अर्पानेट या तेव्हाच्या जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना नव्या यंत्राच्या प्रात्यक्षिकाचं न मागितलेलं आमंत्रण पाठवलं. लोक भडकले, थर्क यांना तंबी मिळाली, आणि पुढची काही वर्षं शांततेत गेली.

ही शांतता भंगली ती पैशाच्या गणितामुळे. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आणि सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी एक धाडसी प्रयोग केला. व्हायरसने बळकावलेल्या हजारो संगणकांच्या एका टोळीत ते शिरले आणि तिथून जाणाऱ्या जाहिरातींचा माग काढला. २६ दिवसांत सुमारे ३५ कोटी मेल गेले, आणि औषधांची विक्री झाली २८. सव्वा कोटी मेलमागे एक गिऱ्हाईक! कुठलाही शहाणा दुकानदार अशा धंद्याला हात लावणार नाही. पण इथे पाठवणाऱ्याचा खर्च जवळपास शून्य होता, कारण संगणक दुसऱ्याचे, वीज दुसऱ्याची, इंटरनेटची जोडणीही दुसऱ्याची. खर्च पडतो घेणाऱ्याच्या खात्यावर. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, त्या काळात मोडेमचा चरचराट ऐकत मेल उतरवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. तासांचं पॅकेज संपत चाललेलं, वर टेलिफोनचं मीटर पळत असलेलं, आणि उतरत काय होतं, तर कुणा अनोळखी माणसाची लॉटरी. असा कचरा आपल्या संगणकावर उतरल्यानंतर चाळण्याला फारसा अर्थ नव्हता, कारण पैसे उतरवतानाच गेलेले असत.

म्हणून चाळणी कंपनीच्या सर्व्हरवरच बसवणं भाग होतं. तिथे ती बसवण्याचा आणखी एक फायदा आहे. माझ्या पेटीत आलेला एक मेल एकटाच असतो. तोच मेल त्याच मिनिटाला आणखी दोन लाख जणांना आला आहे, हे मला दिसत नाही, कंपनीला दिसतं. शंभर जणांनी 'स्पॅम' म्हणून बटण दाबलं की उरलेल्या लाखोंच्या पेट्या वाचतात. जीमेल जेव्हा स्पॅम, फसवे मेल आणि व्हायरस मिळून ९९.९ टक्क्यांहून जास्त अडवत असल्याचा दावा करतं, तेव्हा त्यामागची मुख्य ताकद हीच आहे. घरात बसून स्वतःपुरता फिल्टर शिकवणाऱ्याला ती कधीच मिळणार नाही.

शिवाय कंपनी जे करते त्याला मजकूर वाचावाच लागतो असंही नाही. १९९७ च्या सुमारास पॉल व्हिक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुप्रसिद्ध सर्व्हरांच्या पत्त्यांची एक काळी यादी चालवायला घेतली. पुढच्या वर्षी स्टीव्ह लिनफर्ड यांनी स्पॅमहाउस ही संस्था सुरू केली. मेल घेणारा सर्व्हर समोरच्याचा आयपी पत्ता अशा यादीला विचारतो, क्षणात उत्तर मिळतं, आणि वाईट पत्ता असेल तर एक अक्षरही उतरवून न घेता फोन ठेवावा तसा तो संवाद तोडतो. दुसरा उपाय बाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे. सर्व्हर एकमेकांशी २५ क्रमांकाच्या पोर्टवर बोलतात. घरगुती ग्राहकाच्या संगणकाला परस्पर तिथे जाण्याची गरज सहसा नसते. आपला मेल आपल्या कंपनीकडे द्यायला ५८७ क्रमांकाची, नाव आणि पासवर्ड विचारणारी वाट आहे. कंपनीने ग्राहकांसाठी २५ बंद केला की घरातला व्हायरसग्रस्त संगणक मुका होतो. ब्राझीलने २०१२ च्या सुमारास हे देशभर ठरवून केलं, आणि स्पॅमचा उगम म्हणून बदनाम झालेला तो देश याद्यांवरून खाली घसरला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला सोफॉस या सुरक्षा कंपनीच्या यादीत स्पॅम पुढे ढकलणाऱ्या देशांत भारत पहिला होता. आपल्याकडची माणसं जास्त लबाड होती असा याचा अर्थ नव्हे. आपल्याकडे नवे, असुरक्षित संगणक झपाट्याने जोडले जात होते.

अडवणं किती परिणामकारक ठरू शकतं, याचा सर्वांत नाट्यमय पुरावा नोव्हेंबर २००८ मधला. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथली मॅक्कोलो नावाची होस्टिंग कंपनी मोठमोठ्या स्पॅम टोळ्यांना आसरा देत होती. वॉशिंग्टन पोस्टचे पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी पुरावे पुढे ठेवल्यावर तिला इंटरनेट पुरवणाऱ्यांनी तिची जोडणी तोडली. जगभरातला स्पॅम एका रात्रीत निम्म्याहून अधिक घटला. काही महिन्यांत तो पुन्हा चढला, हेही सांगायला हवं. बिल गेट्स यांनी २००४ च्या जानेवारीत दावोसला, दोन वर्षांत स्पॅमचा प्रश्न सुटलेला असेल, असं सांगितलं होतं. भाकितं करणाऱ्यांनी मुदत सांगू नये, हे आपल्या ज्योतिषांना फार पूर्वीपासून कळलेलं आहे.

आता दुसरी बाजू. काळ्या यादीत पत्ता जातो तो आयपीचा, माणसाचा नव्हे. स्वस्त होस्टिंगमध्ये एका आयपीवर शेकडो वेबसाइट नांदतात. त्यातल्या एकाने उपद्व्याप केला की बाकीच्यांचे मेलही परत येऊ लागतात, आणि त्यांतल्या एखाद्या पतसंस्थेच्या चिटणिसाला कळत नाही की आपण केलं काय. मोठ्या प्रमाणात हे अमेरिकेत व्हेरायझनच्या ग्राहकांनी भोगलं. २००४ च्या अखेरीपासून काही महिने या कंपनीने युरोपातल्या पत्त्यांच्या मोठमोठ्या पट्ट्याच अडवून ठेवल्या. व्यापारी पत्रव्यवहार, नातेवाइकांची खुशाली, सगळं अडकलं. ग्राहक कोर्टात गेले आणि २००६ मध्ये कंपनीला तडजोड करावी लागली.

मजकूर बघणाऱ्या फिल्टरच्या चुका जास्त विनोदी असतात. 'स्पेशलिस्ट' या इंग्रजी शब्दाच्या पोटात एका प्रसिद्ध औषधाचं नाव दडलेलं आहे, त्यामुळे साधेभोळे फिल्टर तज्ज्ञ डॉक्टरांची पत्रं अडवत. फेब्रुवारी २००३ मध्ये ब्रिटिश संसदेत नवा फिल्टर बसवला, तर लैंगिक गुन्ह्यांसंबंधीच्या विधेयकावर खासदारांनी एकमेकांना पाठवलेले मेलच अडकून पडले. एवढंच नाही, वेल्श भाषेतले मेलही त्याने रोखले. वेल्श ही ब्रिटनमधलीच भाषा आहे, पण यंत्राला शिकवणाऱ्यांना ती कचऱ्यासारखी दिसली.

हे वाचताना मराठी माणसाने थोडं सावध व्हावं. जगभर वापरला जाणारा स्पॅमअसॅसिन हा मोफत फिल्टर गुण देतो, आणि ५ गुण झाले की मेल स्पॅम ठरतो. आम्हाला कोणत्या भाषांतले मेल अपेक्षित आहेत, हे चालवणाऱ्याला त्यात आधी सांगून ठेवता येतं. त्याला ओळखता येणाऱ्या भाषांच्या यादीत मराठी आहे, ही चांगली गोष्ट. पण न्यू जर्सीतल्या एखाद्या कंपनीच्या व्यवस्थापकाने 'फक्त इंग्रजी' असं लिहून ठेवलं, तर तिथल्या कर्मचाऱ्याला महाराष्ट्र मंडळाने पाठवलेलं गणेशोत्सवाचं देवनागरी पत्रक केवळ भाषेमुळे गुन्हेगारांच्या रांगेत थोडं पुढे सरकतं. त्यातच मंडळाने तीनशे जणांना एकदम पाठवलेलं असतं, आणि त्यांपैकी दहा जणांनी वर्गणीची आठवण नको म्हणून स्पॅमचं बटण दाबलेलं असतं.

हे बटण ही एक स्वतंत्र भानगड आहे. आपणच नोंदवलेल्या वार्तापत्राचा कंटाळा आला की लोक ते दाबतात, कारण सदस्यत्व रद्द करण्यापेक्षा ते सोपं असतं. माझा कंटाळा अशा रीतीने दुसऱ्याच्या पेटीवर निर्णय देतो. पॉल ग्रॅहम यांनी ऑगस्ट २००२ मध्ये शब्दांच्या संभाव्यतेवर चालणाऱ्या फिल्टरचा जो गाजलेला लेख लिहिला, त्यात भर होता तो प्रत्येकाचा फिल्टर त्याच्या स्वतःच्या पत्रव्यवहारावर शिकवण्यावर. सहकारी बँकेतल्या कर्जविभागाच्या अधिकाऱ्याला 'कर्ज', 'व्याजदर', 'तातडीने' हे शब्द दिवसभर लागतात, इतरांना त्यांचा वास येतो. कंपनीच्या पातळीवरचा फिल्टर सरासरी माणूस धरून चालतो. तसा माणूस प्रत्यक्षात कुणाच्याच घरी राहत नाही.

आणि मग हितसंबंध. २००६ च्या सुरुवातीला एओएलने गुडमेल नावाच्या कंपनीशी करार केला. घाऊक मेल पाठवणाऱ्यांनी दर मेलमागे पाव ते एक सेंट द्यायचा, म्हणजे त्यांचा मेल फिल्टर टाळून थेट पेटीत जाईल. स्वयंसेवी संस्था खवळल्या. त्यांनी याविरुद्ध वेबसाइट काढली, आणि एप्रिलमध्ये असं लक्षात आलं की त्या वेबसाइटचा पत्ता ज्या मेलमध्ये असेल तो एओएलच्या ग्राहकांना पोचतच नाही. तांत्रिक बिघाड, असं कंपनी म्हणाली आणि तो दुरुस्तही झाला. असेलही बिघाड. पण एरवी ज्या फिल्टरकडे कुणाचं लक्ष नसतं, त्याने नेमकी मालकावरची टीका अडवावी, यावर विश्वास ठेवायला मन मोठं लागतं.

अडवण्याचा अधिकार मात्र कोर्टांनी कंपन्यांना पुरेपूर दिला आहे. जाहिरातबाज सॅनफर्ड वॉलेस यांच्या सायबर प्रमोशन्स कंपनीने, एओएल आमच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर गदा आणते, असा दावा केला, तेव्हा १९९६ मध्ये पेनसिल्वेनियातल्या संघीय न्यायालयाने सांगितलं, एओएल म्हणजे सरकार नव्हे, तिच्या सर्व्हरवर कुणाला येऊ द्यायचं ते ती ठरवेल. अलीकडे २०२२ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने, आमचे देणगीचे मेल जीमेल मुद्दाम स्पॅममध्ये टाकतं, म्हणून गूगलवर दावा लावला. २०२३ मध्ये तो फेटाळला गेला. या वादाला निमित्त झालेला नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाचा अभ्यास मुळातून वाचण्यासारखा आहे. जीमेलने उजव्या उमेदवारांचे मेल जास्त अडवले होते हे खरं, पण आउटलुक आणि याहू यांनी डाव्यांचे जास्त अडवले होते.

आपल्याकडे कायदा जवळपास गप्पच आहे. नको असलेले फोन आणि एसएमएस यांच्यासाठी ट्राय या दूरसंचार नियामकाचे नियम आहेत, ईमेलसाठी नाहीत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात, त्रास देण्यासाठी किंवा उगमाबद्दल फसवण्यासाठी पाठवलेल्या ईमेलचा उल्लेख होता. पण याच कलमाखाली २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका मजकुरावरून अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला ते रद्द केलं, ते योग्यच झालं. त्याच्याबरोबर कचरा मेलबद्दलचं कायद्यातलं एकुलतं एक वाक्यही गेलं. म्हणजे सगळा कारभार कंपन्यांच्या मर्जीवर.

तेव्हा पुन्हा मूळ प्रश्नाकडे. संशयास्पद मेलचं काय करायचं, याचे तीन पर्याय कंपनीपुढे असतात. पहिला, पाठवणारा सर्व्हर अजून जोडलेला असतानाच त्याला ५५० असा आकडा सांगून नकार द्यायचा. मग प्रामाणिक पाठवणाऱ्याला त्याचाच सर्व्हर कळवतो की तुझा मेल गेला नाही. दुसरा, मेल घ्यायचा पण 'स्पॅम' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा. तिसरा, घेतला म्हणायचं आणि फेकून द्यायचं. या तिसऱ्या प्रकाराविषयी एसएमटीपीच्या २००८ च्या सुधारित नियमावलीतही स्पष्ट ताकीद आहे. मेल फसवा असल्याची अगदी पक्की खात्री असेल तरच असं करावं, एरवी ईमेलवरचा लोकांचा विश्वासच उडेल.

पहिल्या पर्यायावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. नकार दिला की स्पॅम पाठवणाराही शिकतो, शब्द बदलून पुन्हा येतो. मेल एकदा घेऊन मागाहून परत पाठवला तर पाठवणाऱ्याचं नाव बहुधा खोटं असल्याने तो कुणा निरपराध माणसाच्या पेटीत जाऊन आदळतो, म्हणजे कचऱ्यात भरच. म्हणून नकार द्यायचा तो जोडणी चालू असतानाच, नंतर नव्हे. इव्हान हॅरिस यांनी २००३ मध्ये सुचवलेली एक युक्ती याच वेळेचा फायदा घेते. अनोळखी सर्व्हरला 'जरा वेळाने या' असं सांगायचं. खरा सर्व्हर काही मिनिटांनी पुन्हा येतो, स्पॅमच्या घाईत असलेला बहुतेकदा येत नाही. तोटा एवढाच की बँकेचा ओटीपी ईमेलने येणार असेल, तर तो मुदत संपल्यावर पोचतो.

दुसरा पर्याय सर्वांना आवडतो, कारण त्यात कंपनीवर काही येत नाही. तुमचा मेल आम्ही दिला होता, तुम्ही फोल्डर उघडलं नाही. पाठवणाऱ्याला वाटतं पोचला, घेणाऱ्याला वाटतं आलाच नाही, आणि जीमेलमध्ये ३० दिवसांनी तो आपोआप पुसला जातो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक मेल पाठवणाऱ्यांवर कडक अटी घातल्या. जीमेलला दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्याने आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध केली पाहिजे, एका क्लिकमध्ये सदस्यत्व रद्द करू दिलं पाहिजे, आणि तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवलं पाहिजे. १९८२ मध्ये राहून गेलेली ओळखपत्राची गोष्ट अशी चाळीस वर्षांनी, सरकारच्या नव्हे तर दोन कंपन्यांच्या हुकमाने, सक्तीची झाली. मला या अटी पटतात. ओळख नसेल तर जीमेल आता कारण आणि क्रमांक सांगून नकार देतं, तेही पटतं. मात्र ओळख दाखवूनही मेल फोल्डरमध्ये का गेला, हे ते पाठवणाऱ्याला सांगत नाही.

आपल्याकडे या फोल्डरचा एक कायदेशीर पदरही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं १३वं कलम इलेक्ट्रॉनिक कागद 'मिळाला' असं केव्हा मानायचं ते सांगतं. दोघांमध्ये वेगळं काही ठरलेलं नसेल आणि घेणाऱ्याने आपला ईमेल पत्ता त्यासाठी दिलेला असेल, तर मेल त्या संगणकव्यवस्थेत शिरला त्या क्षणी तो मिळाला. उघडला की नाही, हे तिथे विचारलेलं नाही. कलम शब्दशः वाचलं तर स्पॅम फोल्डर हा त्याच व्यवस्थेचा भाग ठरतो. आयकर खात्याच्या नोटिसा, विमा कंपनीचे इशारे, सोसायटीच्या सभेच्या सूचना आता ईमेलवर येतात. अशी नोटीस फिल्टरने फोल्डरमध्ये टाकली तर उत्तराची मुदत तिथून मोजायला सुरुवात होऊ शकते, आणि दारातच नाकारली तर ती तुमच्या व्यवस्थेत शिरलेलीच नसते आणि पाठवणाऱ्याच्या हाती तसा पुरावाही राहतो. यांतलं काय घडावं हे ठरवताना तुम्हाला कुणी विचारलेलं नसतं. आपल्या मेल कंपनीच्या सेटिंगमध्ये जाऊन स्पॅमचा गोषवारा रोज मिळण्याची सोय आहे का, एवढं तरी बघून ठेवावं. काही कंपन्या ती देतात. जीमेलच्या घरगुती खात्यात ती नाही, तिथे फोल्डर स्वतःच उघडावं लागतं.